दयानंद योजनेतील दिव्यांग साहाय्य: पात्रता समजते, पण पैसे का थांबले ते समजत नाही

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला आपल्याकडे कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. ‘तुमचे दयानंद सुरू झाले का?’ एवढे विचारले की समोरच्याला सगळे कळते. राज्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाने २००१ साली सुरू झालेली ही योजना ज्येष्ठ नागरिक, एकल महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना दरमहा बँक खात्यात पैसे देते. ज्येष्ठांचा अर्ज मुख्यतः जन्मतारीख, रहिवास आणि उत्पन्न यांवर निकाली निघतो. दिव्यांगांच्या अर्जात या सगळ्याच्या आधी वैद्यकीय टक्केवारी येते आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होते. म्हणून या परीक्षणात मी फक्त दिव्यांगांना मिळणाऱ्या साहाय्याचा विचार केला आहे. डिचोली तालुक्यातील आमच्या वाड्यावर काही कुटुंबांना मी अर्ज भरून दिले आहेत आणि नात्यातल्या एका मुलाची सगळी कागदपत्रे स्वतः जमवली आहेत. पुढील मत त्या अनुभवावर आणि कायद्याच्या वाचनावर आधारलेले आहे.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास मी या सेवेला तीन देईन. पैसे मिळतात, ते थेट खात्यात येतात, मधल्या माणसाच्या हाताला लागत नाहीत, आणि पात्रतेचे नियम नीट वाचले तर समजण्यासारखे आहेत. एक गुण गेला तो दर गरजेऐवजी केवळ टक्केवारीवर ठरवण्यासाठी आणि दुसरा पैसे सुरू झाल्यानंतरच्या वागणुकीसाठी, कारण हप्ता थांबला की तो कोणत्या कारणाने थांबला हे लाभार्थ्याला आपणहून कोणीच कळवत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज एका गोष्टीबाबत आढळतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हातात आले म्हणजे पेन्शन मंजूर झाली, असे अनेक कुटुंबांना वाटते. प्रत्यक्षात या प्रवासात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निर्णय होतात. डॉक्टर टक्केवारी ठरवतात, मामलेदार कार्यालय रहिवास आणि उत्पन्नाचे दाखले देते, समाजकल्याण खाते अर्ज मंजूर करते, आणि शेवटी बँक पैसे जमा करून घेते. यांतल्या एकाला दुसऱ्याच्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागत नाही. ‘डॉक्टरांनी साठ टक्के दिले, मग समाजकल्याणवाल्यांनी नाही का म्हणावे?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यात सापडते.

प्रमाणपत्रापासून सुरुवात करू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, आता ती एकवीस आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे आता यादीत आहे. खेड्यापाड्यांत मात्र अजूनही हातापायाचे आणि डोळ्यांचे एवढेच अपंगत्व धरले जाते आणि पात्र माणसे अर्जच करत नाहीत. किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर कायद्यातील बहुतेक लाभांची दारे उघडतात. ४० टक्क्यांच्या खालीही प्रमाणपत्र मिळू शकते, पण त्याचा आर्थिक उपयोग फारच मर्यादित असतो.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केवळ केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून, म्हणजे यूडीआयडी (दिव्यांगांचे देशव्यापी ओळखपत्र) पद्धतीनेच दिले जाते. अर्ज ऑनलाइन करायचा, रुग्णालय निवडायचे आणि तपासणीला जायचे. गोव्यात ही तपासणी बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांत होते, आणि मानसिक आजार व बौद्धिक अक्षमतेसाठी बांबोळीचीच मनोविकार संस्था आहे. कार्डाच्या रंगावरूनही टक्केवारी ओळखता येते: ४०च्या खाली पांढरे, ४० ते ८०च्या आत पिवळे, ८० आणि त्यावर निळे. अर्ज नाकारला तर वैद्यकीय प्राधिकाऱ्याने कारणे लेखी कळवायला हवीत आणि कायद्याच्या ५९व्या कलमानुसार त्यावर अपील करता येते. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून घरी परतलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी लेखी उत्तर मागितले असते तर निदान अपिलाची वाट तरी मोकळी राहिली असती.

प्रमाणपत्र हातात आल्यावर दोन गोष्टी तिथेच, त्याच दिवशी पाहाव्यात. पहिली म्हणजे प्रमाणपत्र कायमचे आहे की तात्पुरते. सुधारण्याची किंवा बिघडण्याची शक्यता असलेल्या स्थितीत मुदतीचे प्रमाणपत्र देतात, आणि मुदत संपली की त्यावर उभा असलेला लाभही अडतो. आमच्या नात्यातल्या मुलाच्या प्रमाणपत्रावरची मुदत बारीक अक्षरात छापलेली होती आणि एका सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर कोणी तिकडे बोट दाखवले नाही. फेरतपासणीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या काही महिने आधीच अर्ज करावा, कारण २०२४च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्यासाठीचा कालावधी एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नाव. पोर्तुगीज काळातील जन्मनोंदणीतले नाव, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव यांत फरक असणे गोव्यात मुळीच नवे नाही. प्रमाणपत्रावरचे नाव आधारप्रमाणे आणि खात्यावरचे नावही आधारप्रमाणेच असेल, तर पुढची बरीच डोकेदुखी टळते.

आता टक्केवारीकडे वळतो. मला या सेवेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजावून सांगितला जाणारा भाग हाच वाटतो. दयानंद योजनेत ९० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला दरमहा ३,५०० रुपये मिळतात आणि त्याखालच्या टक्केवारीला दर कमी आहे. म्हणजे ८९ आणि ९० यांच्या मधल्या एका टक्क्याला बरीच किंमत आहे. एकापेक्षा अधिक अपंगत्वे असलेल्या घरांत स्वाभाविकपणे असा हिशेब मांडला जातो की एका अपंगत्वाचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे पंचेचाळीस टक्के मिळून शंभरच्या वर गेले. तसे होत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतील सूत्रानुसार मोठा आकडा तसाच ठेवतात, तो ९०मधून वजा करतात, जे उरते त्याला लहान टक्केवारीने गुणून ९०ने भागतात, आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवतात. साठ आणि पंचेचाळीस यांचे उत्तर येते ७५. पंचाहत्तर आणि साठ अशी दोन गंभीर अपंगत्वे एकत्र आली तरी ८५च होतात.

या सूत्राचा एक परिणाम कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर सहज लक्षात येतो: ज्याच्या मोठ्या अपंगत्वाची टक्केवारी ९०च्या खाली आहे, त्याला दुसरे कितीही गंभीर अपंगत्व असले तरी एकत्रित आकडा ९०ला पोहोचत नाही. वैद्यकीय दृष्टीने हे सूत्र चूक आहे असे मी म्हणत नाही. शरीराच्या एकूण क्षमतेतील घट मोजायला त्याचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. प्रश्न आहे तो त्या आकड्यावर पैशांची पायरी ९०लाच बांधण्याचा. मध्यम बौद्धिक अक्षमतेला ७५ टक्के धरतात आणि तीव्र अक्षमतेला ९०. मध्यम श्रेणीतल्या तरुणाला पूर्ण वेळ सोबत लागते, आई किंवा बहीण त्यासाठी नोकरी सोडते, आणि त्याला चालण्याचेही अपंगत्व असले तरी तो वरच्या दरात बसत नाही. डोळ्यांनी पूर्ण अंध असलेला पण शिकलेला, नोकरी शोधणारा तरुण मात्र बसतो. दोघांनाही मदत मिळायलाच हवी. परंतु कोणाचा खर्च जास्त आहे हे टक्केवारी सांगत नाही, आणि योजना दुसरे काही विचारत नाही. अधिक आधाराची गरज असलेल्यांचा वेगळा विचार २०१६च्या कायद्यातच केलेला आहे. गोव्याने त्या धर्तीवर गरज मोजून दर ठरवला असता तर माझा चौथा गुण तिथेच दिला असता.

केंद्राचा उंबरठा आणखी वेगळा आहे, हेही लक्षात ठेवावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन २००९ साली सुरू झाली. तिला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या दोन्ही अटी लागतात, वय १८ ते ७९, आणि केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये. हा आकडा आजच्या बाजारभावात काय कामाचा, हे मासळी बाजारात एक फेरी मारली की कळते. राज्याच्या योजनेवर गोव्यातील कुटुंबे अवलंबून का असतात याचे कारण त्यातच आहे.

रहिवासाची अट १५ वर्षांची आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते, त्यामुळे दोडामार्ग किंवा सावंतवाडीकडे काढलेले प्रमाणपत्र इथे चालत नाही असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही. कायद्याचे ५८वे कलम याबाबत स्पष्ट आहे. पण प्रमाणपत्र चालले म्हणून रहिवास सिद्ध होत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी या सीमेवरच्या तालुक्यांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि माणसे प्रमाणपत्रच पुन्हा काढायला धावतात, जिथे खरे तर रहिवासाचा दाखला अपुरा असतो.

उत्पन्नाची अट कुटुंबाच्या दरडोई उत्पन्नावर आहे आणि ती साहाय्याच्या रकमेशी जोडलेली आहे. दरमहा २,००० रुपयांच्या मूळ दराने ती वर्षाला माणशी २४,००० रुपये होते. पाच जणांच्या घराला म्हणजे वर्षाकाठी १,२०,००० रुपयांची मर्यादा. घरातला एक भाऊ एखाद्या औद्योगिक वसाहतीत साध्या कंत्राटी कामावर असला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ज्येष्ठांच्या बाबतीत मुलांनी सांभाळावे ही अपेक्षा समजू शकते. दिव्यांगाच्या बाबतीत मात्र भावाच्या पगारामुळे त्याचा वैयक्तिक खर्च, म्हणजे फिजिओथेरपी, डायपर, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, भाड्याची रिक्षा, कमी होत नाही. घरातल्या व्यक्तींची संख्या दाखल्यावर बरोबर लिहिली आहे ना, हे मात्र जरूर पाहावे, कारण भागाकारात एक माणूस कमी झाला की पात्र कुटुंब अपात्र ठरते.

मर्यादेच्या वर असलेल्यांना दुसरीकडे थोडा दिलासा आहे. जुन्या करपद्धतीत आयकर कायद्याच्या ८०यू कलमाखाली दिव्यांग व्यक्तीला ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार स्थितींसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि तिचा फायदा गरीब-श्रीमंत दोघांनाही घेता येतो. ज्या घरांत गृहिणीला राज्याच्या ‘गृह आधार’ योजनेचे पैसे मिळतात, त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की त्याच महिलेला दयानंद आणि गृह आधार दोन्ही घेता येत नाहीत. दिव्यांग महिलेने कोणता लाभ जास्त आहे ते पाहून ठरवावे.

रकमेबद्दल एक कायदेशीर मुद्दा मला फारसा कोणी मांडताना दिसत नाही. २०१६च्या कायद्याचे २४वे कलम सरकारला आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत दिव्यांगांसाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना आखायला सांगते, आणि त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांचा दर २,००० रुपये धरला, तर दिव्यांगाचा आकडा २,५०० रुपयांच्या खाली असता कामा नये. ज्यांच्या पासबुकात याहून कमी रक्कम दिसते, त्यांनी कलमाचा उल्लेख करून समाजकल्याण खात्याकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी निवेदन द्यावे. गोव्यात जानेवारी २०२३मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला, देशभरातून दिव्यांग कलाकार आणि कार्यकर्ते पणजीला आले, आणि राज्याची त्याबद्दल वाहवा झाली ती योग्यच होती. त्याच राज्यात पेन्शनचा दर कायद्याशी ताडून पाहण्याची वेळ नागरिकावर येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे जमा होण्याचा भाग हा या सेवेचा सर्वांत कमकुवत भाग आहे. हप्ता ठरावीक तारखेला येईल असे धरून औषधांचे बिल ठरवू नये. कधी एकदम दोन महिन्यांचे येतात, कधी सणाच्या तोंडावर येतात. नोंदीत महिना लिहिलेला नसतो, म्हणून जमा झालेला हप्ता चालू महिन्याचा की मागचा, हे पासबुकावरून ओळखता येत नाही. वहीच्या एका पानावर महिना आणि जमा तारीख अशा दोन रकान्यांत नोंद ठेवावी, म्हणजे थकबाकी मागताना कोणता महिना राहिला हे ठामपणे सांगता येते.

हप्ता थांबण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिलेला असतो, प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, आधार खात्याशी जोडलेले नसते, केवायसी जुनी झालेली असते. बँकांच्या विलीनीकरणानंतर सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन बँकेच्या गोव्यातील शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले, आणि जुना क्रमांक अर्जावर राहिलेल्यांना पैसे परत गेल्याचे फार उशिरा कळले. यांतले कोणतेही कारण एका एसएमएसने सांगता आले असते. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध आईला तिच्या अंथरुणाला खिळलेल्या मुलाला रिक्षात घालून बँकेच्या शाखेत आणायला सांगण्यात आले, कारण हयातीच्या दाखल्यासाठी ‘माणूस समोर दिसला पाहिजे’. शाखेचे नाव मी लिहीत नाही, पण नियम लिहितो: ९ नोव्हेंबर २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार सत्तर वर्षांपुढील ज्येष्ठांना आणि दिव्यांग खातेदारांना रोख रक्कम पोहोचवणे, केवायसीची कागदपत्रे घेणे आणि हयातीचा दाखला घेणे या सेवा घरी देण्याची व्यवस्था बँकांनी करायची आहे. त्या परिपत्रकाची प्रत पुढे केल्यावर कर्मचारी घरी आले.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बौद्धिक अक्षम व्यक्तीच्या खात्याबाबत कुटुंबांची वेगळीच अडचण होते. मुलगा सज्ञान झाला की आईची सही चालत नाही, आणि मुलाला स्वतः सही करता येत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते आणि बँकेने ते स्वीकारायला हवे. ही सोय वर सांगितलेल्या चार स्थितींपुरतीच आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. मुलगा सतरा वर्षांचा असतानाच कागदपत्रांची तयारी करून ठेवली आणि अठरावे लागताच अर्ज दिला, तर पैसे खात्यात अडकून राहण्याची वेळ येत नाही.

अर्ज कोठे द्यावा, याबद्दल माझा सल्ला थोडा वेगळा आहे. पणजीच्या अठरा जून रस्त्यावरील समाजकल्याण संचालनालयात थेट जाण्याआधी पंचायतीत शनिवारी येणाऱ्या ‘स्वयंपूर्ण मित्रा’ला, म्हणजे गावाला मदतीसाठी नेमून दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, सगळे कागद दाखवावेत. हा अधिकारी दुसऱ्या खात्याचा असला तरी त्याला अर्जातली उणीव दिसते, आणि उत्पन्न व रहिवासाच्या दाखल्यांसाठी ‘गोवा ऑनलाइन’ या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज कसा करायचा हेही तो दाखवू शकतो. अर्ज दिल्यावर पोचपावती, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. हप्ता थांबला आणि चौकशीला उत्तर मिळाले नाही, तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह तीन प्रश्न विचारावेत: शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा दिला, तो कोणत्या खात्यावर पाठवला, आणि पुढचा कोणत्या कारणाने रोखला. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे, आणि माझ्या पाहण्यात अनेकदा उत्तराच्या पत्राआधी थकलेला हप्ताच खात्यात आला आहे.